नवरा जेलमध्ये, केस अजून चालू: बायको-लेकरांना काय मिळतं, कुठं मागायचं (नागपूरकडच्या एका भावाच्या प्रश्नाला उत्तर)

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बहीण उमरेड तालुक्यातल्या गावी राहते, जावई (बहिणीचे यजमान) बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला होते, आठ महिन्यांपासून नागपूरच्या सेंट्रल जेलमध्ये आहेत, केस सेशन कोर्टात चालू आहे, जामीन अजून नाही. पोरगी सहावीत, पोरगा दुसरीत, घरात सत्तरीची सासू. गावात कोणीतरी सांगितलं की कैद्याच्या बायकोला निराधारचा पगार मिळतो, म्हणून बहिणीने तहसीलला अर्ज टाकला तर तो परत आला. आता एक जण म्हणतो परित्यक्ता म्हणून भरा, दुसरा म्हणतो मुलांना आश्रमात टाका. तुम्ही विचारलंय की खरं काय मिळतं आणि सुरुवात कुठून करायची.

मी वकील नाही. विधी सेवेच्या म्हणजे फुकट कायदेशीर मदतीच्या कामात आणि बाल कल्याण समितीसमोर (अडचणीतल्या मुलांचे निर्णय घेणारी समिती) अशा घरच्या बाया-लेकरांना घेऊन जाण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय, त्यामुळे कागद कुठं अडतो ते सांगू शकते.

पहिले अर्ज काऊन परत आला ते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कैद्याच्या बायकोला खरंच जागा आहे, पण तिथं लिहिलंय ते 'तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी' असं. तुमच्या जावयांना शिक्षा झालेली नाही, ते कच्चे कैदी आहेत, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. शिक्षा झाली की पक्का कैदी म्हणजे सिद्धदोष, आणि हा कॉलम त्याच्याच बायकोसाठी आहे. म्हणजे तहसीलवाल्याने नियम पाहूनच परत केलं असणार. मला हा नियम अजिबात पटत नाही, कारण चूल तर अटकेच्या दिवसापासूनच बंद पडते, निकालाची वाट पाहत नाही. आणि २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या जेलमध्ये दर चार कैद्यांमागे तीन कच्चेच होते, म्हणजे ज्या बायकांना गरज आहे त्यातल्या बहुतेकींना हे दार बंदच. पण आज नियम असा आहे, तो धरूनच चालावं लागेल.

परित्यक्ता म्हणून भरायचं मात्र बिलकुल करू नका. त्यासाठी बहिणीला लिहून द्यावं लागेल की नवऱ्याने टाकलंय, आणि तीच बहीण दर वेळी मुलाखतीला जेलवर जाते, रजिस्टरमध्ये नातं 'पत्नी' म्हणून लिहिलं जातं. उद्या कोणी तक्रार केली तर पैसे वसूल होतील, खोट्या प्रतिज्ञापत्राची भानगड वेगळीच, आणि जामिनाच्या वेळी वकील कोर्टाला सांगून राहिला असेल की घरी बायको-मुलं याच्यावर अवलंबून आहेत तेव्हा समोरच्याने हा कागद काढला तर काय तोंड दाखवणार. एजंटला त्याचे पाचशे-हजार मिळाले की तो मोकळा होतो.

निराधारचा एक वेगळा रस्ता मात्र तपासून घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार खूप घरांत आहे, आणि या योजनेत सिकलसेलचा रुग्ण आणि दिव्यांग स्वतःच्या आजारावर पात्र धरतात, नवरा कुठं आहे त्याचा तिथं संबंध नाही. बहिणीला स्वतःला असं काही असेल आणि दवाखान्याचं सर्टिफिकेट असेल तर त्या रस्त्याने जा.

आता खरी सुरुवात कुठून, तर मुलांपासून. बायकोच्या पगारासाठी निकालाची वाट पाहावी लागते पण मुलांसाठी नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, जिला सगळे नुसतं बालसंगोपन म्हणतात, तिच्यात एका मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. २०२३ मध्ये ही रक्कम वाढवली, त्याआधी ११०० होते. तुमच्या दोन्ही लेकरांचे मिळून साडेचार हजार होतात, आणि गावात राहणाऱ्या बाईसाठी किराणा, वह्या-पुस्तकं आणि दवाखाना यात बऱ्यापैकी निघतो.

यातही एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या कारण इथंच अर्ज बिघडतो. योजनेच्या यादीत जन्मठेपेच्या कैद्यांची मुलं असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि काही ठिकाणी तेवढीच ओळ दाखवून कच्च्या कैद्याच्या बायकोला परत पाठवतात. पण त्याच यादीत कौटुंबिक संकटात सापडलेली, एकाच पालकाजवळ राहणारी मुलंही आहेत. तुमच्या भाच्यांना तिथून बसवायचं. म्हणून अर्जात नुसतं 'वडील जेलमध्ये आहेत' एवढंच लिहून थांबू नका. वडील अमुक तारखेपासून कारागृहात आहेत, त्यांचं काम सुटलं, घरात दुसरं कमावतं कोणी नाही, आई शेतात मजुरीला जाते, म्हातारी सासू सांभाळायला आहे, पोरीची शाळा सुटायच्या बेतात आहे (असेल तरच लिहा), असं सगळं ओळीने लिहा. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कोणाला म्हणायचं त्यात पालक सांभाळायला असमर्थ असलेलं मूल पण येतं, आणि जेलमधला बाप मुलाला सांभाळू शकत नाही हे समितीला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. शेवटी आदेश बाल कल्याण समितीचा असतो, कारकुनाचा नाही, म्हणून खिडकीवर कोणी तोंडी 'बसत नाही' म्हणालं तर परत येऊ नका, अर्ज घ्या आणि समितीसमोर ठेवा म्हणा, पोच घ्या.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात करायचा. बहीण उमरेडला असली तरी हे ऑफिस नागपुरातच, त्यामुळे एकदा तरी तिला आणि मुलांना घेऊन यावं लागेल, तालुक्याला अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे आधी विचारून घ्या म्हणजे फॉर्म तिथेच मिळेल आणि एक चक्कर वाचेल. कागद म्हणाल तर मुलांचं आणि आईचं आधार, मुलांचा जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, घरासमोर आई आणि मुलांचा एकत्र फोटो, आणि वडिलांचा जेलचा दाखला. मग सामाजिक कार्यकर्ता गृहचौकशीला घरी येतो. त्याला घाबरायचं नाही, घर आवरून ठेवायची गरज नाही, उसनं आणलेलं सामान तर मुळीच मांडायचं नाही, जसं आहे तसं दिसू द्या. बहिणीला वाटत असेल की शेजारी-पाजारी विचारतील तर त्यांना सांगा की चौकशीला येताना आधी फोन करा, बहुतेक कार्यकर्ते ऐकतात. समितीपुढचे अहवाल गोपनीयच ठेवायचे असतात.

त्याच ऑफिसात मिशन वात्सल्य या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेतल्या प्रायोजकत्वाबद्दल म्हणजे स्पॉन्सरशिपबद्दल पण विचारा, त्यात महिन्याला ४००० आहेत, ग्रामीण भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार आणि इतर ठिकाणी ९६ हजार. एका मुलाला यातलं एकच मिळेल. कोणतं बसतं ते तिथला संरक्षण अधिकारी तुमचे कागद पाहून सांगेल.

आणि आश्रमात टाकण्याबद्दल. भाऊ, बाप आधीच गेला आहे घरातून, आईलाही तोडू नका. बाल न्याय कायद्याचंच तत्त्व आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, मूल शक्यतो घरीच वाढावं, बालसंगोपन निघालंच त्यासाठी. शाळा लांब आहे म्हणून समाजकल्याणच्या वसतिगृहात पोरगी गेली तर ती गोष्ट वेगळी, ती शिकायला गेली. पण परवडत नाही म्हणून दुसरीतलं लेकरू बालगृहात, हे आई धडधाकट असताना व्हायला नको.

आता जेलचा दाखला, सगळ्या गोष्टींची किल्ली तोच आहे. अर्ज अधीक्षक, नागपूर मध्यवर्ती कारागृह यांच्या नावाने साध्या कागदावर करायचा. वर्धा रोडवर राहाटे कॉलनी मेट्रो स्टेशनपासून जेल जवळ आहे, तुम्ही मुलाखतीला जाताच, त्याच दिवशी नेऊन द्या म्हणजे वेगळी चक्कर नाही. अर्जात सरळ लिहा की बालसंगोपन योजनेसाठी दाखला पाहिजे. दाखल्यात काय असायला पाहिजे ते पण लिहून मागा: पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, कधीपासून दाखल, केस नंबर, कोणतं कोर्ट, न्यायाधीन की सिद्धदोष, आणि अधीक्षकांची सही-शिक्का-तारीख. नाव खास करून तपासा. अटकेच्या वेळी पोलीस ठाण्यात जे नाव लिहिलं जातं तेच जेलच्या रजिस्टरला येतं, त्यात वडिलांचं नाव राहून जातं, आडनावाची वेलांटी चुकते, नाहीतर मधेच एक 'उर्फ' येऊन बसतं. आधारवर एक आणि दाखल्यावर एक असं झालं की महिला बालविकासला अडतं. जावयांचं आधार झेरॉक्स अर्जाला जोडा आणि दाखला हातात घेतल्याबरोबर तिथेच उभं राहून एकेक अक्षर जुळवा, गाडीत बसल्यावर नाही. जमलं नाही तर जेलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक जातात, जावयांनी आतून त्यांना सांगितलं तरी अर्ज पुढे सरकतो.

दुसरा अडकणारा कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. भिवापूरकडची एक बाई माझ्याकडे आली होती, नवरा जेलात, अर्ज दोनदा परत. फॉर्म पाहिला तर पतीचा व्यवसाय या रकान्यात तिने 'मजुरी' लिहिलं होतं. लाजेने लिहिलं होतं बिचारीने, सेतूच्या रांगेत मागे गावातलेच लोक उभे होते. तलाठ्याने, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या मजुरीवरून वर्षाचं उत्पन्न धरलं आणि ते मर्यादेच्या वर गेलं. नवरा आत असल्याचं कागदावर कुठं नाहीच तर अधिकाऱ्याने तरी काय करायचं. तिला परत पाठवलं, जेलच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली, स्वयंघोषणापत्रात लिहिलं की पती कारागृहात असून त्यांचं कोणतंही उत्पन्न नाही, माझी शेतमजुरी एवढी एवढी, आणि दाखला बरोबर निघाला. तुमच्या बहिणीच्या जुन्या दाखल्यात जावयांच्या कंपनीचा पगार धरलेला असणार, तो जुना दाखला कुठेही लावू नका, नवीन काढा. सेतूची पावती सांभाळा, लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्याला मुदत ठरलेली असते, मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, आणि नुसती पावती दाखवून 'अपील करू का' विचारलं तरी पुष्कळदा काम होऊन जातं.

पैसे यायला खातं लागतं. बहिणीचं स्वतःचं एकटीचं खातं पाहिजे, जावयांसोबतचं जॉइंट नको, कारण जावयांनी त्या बँकेचं कर्ज घेतलं असेल तर हप्ता तिथूनच कापला जातो. आणि बँकेत जाऊन 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारू नका, 'डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का' असं विचारा. सगळे सरकारी पैसे आता तिकडूनच येतात, सीडिंग भलत्याच जुन्या खात्याला असलं तर पैसे तिकडे जाऊन पडतात आणि बाई इकडे पासबुक भरून भरून थकते. जवळ बँक नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, पोस्टमनच करून देतो.

लाडकी बहीण तिला चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. चांगलं आहे, ते १५०० चालू राहू द्या. पुढे जावयांना शिक्षा झाली आणि संजय गांधीचे १५०० सुरू झाले तर दोन्ही सोबत घेता येत नाहीत, हे आधीच डोक्यात असू द्या. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला २०२५ मध्ये नवऱ्याचं आधार आणि त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी मागायला लागले, आणि इथे कैद्यांच्या बायकांची फार मोठी अडचण झाली, कारण नवऱ्याचा मोबाईल तर पोलिसांकडे मुद्देमालात जमा आणि आधारवरचा नंबर बदलायला नवरा स्वतः लागतो. बहिणीचं हे राहिलं असेल तर अंगणवाडी सेविकेकडे लेखी अर्ज द्या, जेलचा दाखला जोडा, एक प्रत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला, आणि दोन्हीची पोच ठेवा. तोंडी सांगितलेलं कोणाच्याही लक्षात राहत नाही.

मोबाईलवरून आठवलं, जावयांचा पीएफ. कंपनीत होते म्हणजे पीएफ बहुतेक कापला जात असेल, तो पैसा त्यांचाच आहे, अटक झाली म्हणून कंपनी तो ठेवून घेऊ शकत नाही, आणि पीएफच्या कायद्यामुळे सावकार किंवा बँक त्यावर जप्तीही आणू शकत नाही. ऑनलाईन काढायला गेलं की परत तोच ओटीपी, म्हणून कागदी क्लेम फॉर्म भरायचा. फॉर्म आणि सोबत बहिणीच्या नावाचं अधिकारपत्र वकिलामार्फत जेलमध्ये पाठवा, जावयांनी जेल अधिकाऱ्यासमोर सही केली की ते सही साक्षांकित करून देतात, वकालतनामे रोज असेच होतात. कंपनीकडे थकलेला पगार, बोनस, रजेचे पैसे हे पण लेखी मागा, पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी पण. एचआरवाला म्हणेल तुमचा माणूस गुन्हेगार आहे. त्याला शांतपणे सांगा की कोर्टाने तसं अजून म्हटलेलं नाही, आणि केलेल्या कामाचा पगार तर कोणाचाही बुडवता येत नाही. (कोणाच्या घरचा माणूस सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्यासाठी: ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबित समजतात पण निर्वाह भत्ता मिळतो, तो मागावा लागतो आणि दुसरीकडे काम करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.)

रेशनचं फार टेन्शन घेऊ नका. ई-केवायसी न झाल्यामुळे जावयांचं युनिट बंद पडू शकतं, बाकीच्यांचं प्रत्येकी पाच किलो चालू राहायला पाहिजे, अंत्योदय कार्ड असेल तर तिथं घराला ३५ किलो आहे. दुकानदार म्हणाला कार्डच बंद झालं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख घरातली मोठी बाईच असते, त्यामुळे जावयांच्या सहीवाचून काही अडू नये.

बहीण शेतात जाते तशी बांधकामावर पण जाते का ते तुम्ही लिहिलं नाही. जात असेल, वर्षाला ९० दिवस काम भरत असेल, तर बांधकाम कामगार मंडळात तिची तिच्या नावाने नोंदणी करा. कितीतरी घरांत नोंदणी फक्त नवऱ्याची असते, तो आत गेला की नूतनीकरण होत नाही आणि मुलांची शिष्यवृत्ती बंद पडते. पहिली ते सातवीला वर्षाला २५०० आणि आठवी ते दहावीला ५००० आहेत, आईच्या नोंदणीवरही मिळतात. फक्त खरंच काम करत असेल तरच, खोटं ९० दिवसांचं सर्टिफिकेट विकत घेऊ नका.

सासूबाईंचं सोपं आहे. ६५ च्या वर वय, घरचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, तर श्रावणबाळ योजनेत १५०० मिळतात, तहसीललाच अर्ज. आधी मुलगा कंपनीत म्हणून नाकारलं असेल, आता नवीन उत्पन्नाच्या दाखल्यावर परत टाका. वयाचा पुरावा नसेल तर सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढता येतो का ते तहसीललाच विचारा, म्हाताऱ्या माणसाला उगाच नागपूरपर्यंत आणू नका.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. तुम्ही लिहिलंय की वकिलाच्या फीसाठी बहिणीचं मंगळसूत्र गहाण आहे. भाऊ, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याचं उत्पन्न किती ते पाहतच नाहीत, आणि बाई असल्यामुळे बहिणीलाही तोच हक्क आहे. नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं लोक अभिरक्षक कार्यालयाचे वकील फौजदारी केसेस चालवतात, हायकोर्टात जायची वेळ आली तर नागपूर खंडपीठाची वेगळी विधी सेवा उपसमिती आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार अशी समजूत आहे, मी यांच्यातले मन लावून काम करणारे पाहिलेत आणि भरपूर फी घेऊन तारखेला न येणारेही पाहिलेत. आहे तो वकील चांगला असेल तर राहू द्या, पण पुढची फी द्यायला दागिना किंवा शेती विकायची वेळ येत असेल तर थांबा आणि आधी सिव्हिल लाईन्सला जाऊन या.

जामीन मिळाला पण पैशामुळे सुटका अडली असं झालं, तर त्यासाठी केंद्राची गरीब कैद्यांना साहाय्य योजना आहे. २०२३ मध्ये आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत अशी तरतूद होती, जिल्हाधिकारी आणि विधी सेवा सचिव असलेली समिती ठरवते. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग अशा केसेसना ती नाही. जामिनाचा आदेश होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही की जेलने विधी सेवेला कळवायचं असतं, पण जेल कळवेल म्हणून बसू नका, तुम्हीच आदेशाची प्रत घेऊन जा. आणि नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे, बाकीच्यांना अर्धा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या कलमांना लागू नाही, दुसऱ्या केसेस चालू असल्या तरी नाही. जावयांचं कलम कोणतं ते वकिलाला विचारून हिशोब करून ठेवा.

पैसे घरी वाचवायचे असतील तर एक स्पष्ट बोलते. बहिण दर महिन्याला जेलमध्ये कँटीनसाठी मनीऑर्डर पाठवते असं तुम्ही लिहिलंय. आत जेवण आहे, औषधपाणी आहे, गरज पडली तर मेडिकलला म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेतात. साबण-तेलापुरते पाठवा, पण मुलांची फी थकवून पाठवू नका. हे जावयांना तुम्ही मुलाखतीत सांगा, तिच्या तोंडून निघणार नाही.

उद्या शिक्षा झालीच, तर रडारड होईल त्यातही निकालपत्राची प्रत घ्यायला विसरू नका, शिक्षा झालेल्याला ती फुकट द्यावी लागते. ती प्रत आणि सिद्धदोष असा नवीन जेलचा दाखला घेऊन बहिणीने संजय गांधीचा अर्ज परत टाकायचा, उमरेड तहसीललाच, जेल नागपुरात असलं तरी अर्ज राहत्या ठिकाणी होतो. १५०० रुपये महिना, उत्पन्न मर्यादा इथेही २१ हजार, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. तालुक्याच्या समितीच्या मीटिंगमध्ये मंजूर होतो, मीटिंग लांबते, पाठपुरावा ठेवा. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. पॅरोल किंवा फर्लोवर, म्हणजे काही दिवसांच्या रजेवर, घरी आले तर ती सुटका नाही, पण शिक्षा संपून आले की तहसीलला कळवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे वसूल होतात. आत काम केल्याची मजुरी मिळते, फार नाही, पण कैद्याला अर्ज करून त्यातले घरी पाठवता येतात, जावयांना हे माहीत असू द्या.

शाळेचं राहिलं. सहावीतल्या पोरीला वर्गात कोणी काहीबाही बोलतं म्हणून ती जायला मागत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मुख्याध्यापकांना बहिणीने एकटीने भेटावं, पोरीसमोर नाही, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते तिथं आईची चालेल हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. तरी त्रास थांबला नाही तर १०९८ वर फोन करा, ती लाईन फक्त हरवलेल्या मुलांसाठी नाही. आणि पोरीला वडिलांबद्दल खरं सांगा, तिच्या वयाला समजेल एवढं. 'पप्पा कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेले' हे सहावीतली पोरगी मानत नाही, ती फक्त विचारायचं सोडून देते.

तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा, जेलच्या दाखल्याचा अर्ज आणि बहिणीचा नवीन उत्पन्नाचा दाखला. ते हातात आले की मुलांना घेऊन महिला बालविकासला जा. तिथून त्रुटी काढली तर त्रुटीचं पत्र लेखी मागा आणि त्यात नेमकं काय लिहिलंय ते मला कळवा, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.